पाहुण्यांचं कवेलू

आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेला मी पहिलाच. त्यामुळे यापुढे माझ्या हातून काही काम होऊ नये, याची काळजी सगळ्या घराने घेतली. रोवणीच्या दिवसांत घरचे सगळे चिखलात उतरत आणि मी बांधावर छत्री धरून उभा राही. धानाची पेंढी उचलायला वाकलो तरी माय ओरडायची, "राहू दे बाबू, शिकलेले हात हायेत तुये." शिकलेले हात ओळखायचे कसे हे मला कळत नव्हतं. ते कोरडे ठेवायचे असतात एवढं मात्र कळलं.

गाव नागऱ्याच्या पलीकडे, गोंदियाला सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर. आमचा सगळा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडायचा. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, पण तांदूळ अजून सुटला नव्हता. धान्यावर कंट्रोल होता आणि पोतंभर तांदूळ इकडून तिकडे न्यायचा तर परवाना लागायचा. हे परवाने देणाऱ्या गोंदियातल्या एका कचेरीत मला कारकुनी मिळाली. परवान्यावर शिक्का बसला आहे की नाही ते पाहायचं आणि बसला असेल तर बाजूला सही करायची, हे माझं काम. शिक्का मारणारा कारकून माझ्या समोरच बसायचा. तो शिक्का मारताना मला दिसायचा, ऐकूही यायचा. तरी मी कागद हातात घेऊन, डोळे बारीक करून, शिक्का नीट तपासायचो. माझ्यानंतर आणखी एक जण होता. तो माझी सही तपासायचा.

कामापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे खुर्ची. कचेरीत शिपायाला स्टूल, नव्या उमेदवाराला बिनहाताची खुर्ची आणि जुन्या कारकुनाला दोन हातांची, असा रिवाज होता. मला दोन हातांची मिळाली त्या आठवड्यात माझे वडील, म्हणजे आमचा बा, बाजाराच्या निमित्ताने गावातली चार माणसं घेऊन आला आणि त्यांना कचेरीच्या खिडकीबाहेर उभं केलं.

"तो पाहा. तोच. हात हायेत खुर्चीले."

"दोन्ही?" एकाने विचारलं.

"दोन्ही."

माणसं माझ्याकडे पाहत होती आणि मी कागदाकडे पाहत होतो. टेबलावर कागद नव्हता, तो मी घाईघाईने शिक्केवाल्याकडून मागून घेतला होता. पुढे हे दर बाजाराला होऊ लागलं. स्वतःबद्दल मला तेव्हा फार आदर वाटायचा. पण तो खिडकीबाहेर कोणी उभं असलं की वाटायचा. खिडकी रिकामी झाली की तो आदरही बैलबंडीत बसून गावाकडे परत जायचा.

लग्नही खुर्चीनेच जमवलं. देवरीकडच्या जंगलपट्ट्यातले एक शेतकरी मुलीसाठी स्थळ पाहायला थेट कचेरीत आले. मला त्यांनी एखाददुसरा प्रश्न विचारला असेल. मग म्हणाले, "जरा उठता का जी?" मी उठलो. ते खुर्चीत बसले, दोन्ही हातांवर हात ठेवले, मागे रेलून पाहिलं आणि म्हणाले, "मजबूत हाय. पोरगी देतो."

मग एके वर्षी सरकारने कंट्रोल उठवला. मी आणि शिक्केवाला सोडून सगळ्या मुलखाला आनंद झाला. परवानेच नाहीत म्हटल्यावर कचेरी बंद झाली आणि आम्ही घरी आलो. नोकरी गेल्याचं बाला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "आन् खुर्ची?"

सामानाचा लिलाव व्हायचा होता. बा लिलावाला गेला आणि माझी खुर्ची घेऊन आला. बंडीत धानाच्या तणसावर ठेवली होती आणि ऊन लागू नये म्हणून वरून घोंगडी पांघरली होती. तिची जागा पडवीत, रस्त्यावरून दिसेल अशी ठरली, आणि तिच्यात माझी. येणारा-जाणारा विचारायचा, "पोरगा काय करून राहिला आता?" बा सांगायचा, "बसून हाय." त्यात खोटं काही नव्हतं.

मी शिळे पेपर वाचायचो आणि देशाची चिंता करायचो. सुरुवातीला गावकरी अर्ज लिहून घ्यायला यायचे. मी इतक्या जड भाषेत लिहायचो की ते अर्ज कचेरीतून न वाचताच परत यायचे, म्हणून पुढे गावकरीही यायचे थांबले. बायको बोलायला रोखठोक. ती झाडू घेऊन यायची आणि म्हणायची, "पाय वर घ्या." तिने एवढंही मला सांगावं याचा राग यायचा. पण पाय मी वर घ्यायचो.

तो वैशाख होता. माकडांची टोळी आमच्या घरावरून गेली आणि स्वयंपाकघरावरची कवेलूं, म्हणजे कौलं, फुटली, सरकली. भाकरी भाजताना बायकोच्या डोक्यावर ऊन यायला लागलं.

आमच्याकडची घरं नळीच्या कवेलूंची. एक ओळ उताण्या कवेलूंची, पन्हळीसारखी, आणि त्यांच्या सांध्यांवर दुसरी ओळ पालथ्या कवेलूंची. पाणी पालथ्यावरून घसरून उताण्यात पडतं आणि उताण्यातून वाहत वळचणीला जातं. माकडं, मांजरं आणि वारा ही व्यवस्था वर्षभर मोडत असतात, म्हणून दर उन्हाळ्यात फुटकी कवेलूं काढून सगळी पुन्हा रचायची. याला कवेलू फेरणं म्हणतात. आमच्या गावात हे काम एक गोंड म्हातारा करायचा. त्या वर्षी त्याच्या गुडघ्यांनी साथ सोडली होती. दुसरा माणूस मिळेना, कारण काम करणारे सगळे तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेले होते. गावात उरलो होतो म्हातारा आणि मी.

बायको पडवीत आली. "उठा. खुर्ची पायजे."

"कायले?"

"वर चढाले."

सून छपरावर चढली तर गावात तोंड कसं दाखवायचं, म्हणून मुलाने चढावं असं ठरलं. मुलगा चढल्यावर तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न बाला नंतर पडला. मी खुर्ची वळचणीखाली नेली, तिच्या हातावर पाय दिला आणि वर गेलो. खुर्चीचा हात निखळला. बा माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही.

म्हातारा खाली मोहाच्या सावलीत बसून ओरडत होता. "पाय कुठं ठेवून राहिला बे? वाश्यावर ठेव! कवेलूवर काऊन ठेवतं?"

"वासा दिसत नाही," मी वरून म्हणालो.

"दिसत नाई त पायानं हुडक. मॅट्रिकमंदी शिकवलं नाई का?"

संध्याकाळपर्यंत मी स्वयंपाकघराएवढा भाग रचला. गुडघे सोलले, नाकातोंडात माती गेली. खाली उतरून मी कौतुकाची वाट पाहत उभा राहिलो. म्हाताऱ्याने बायकोला घागरभर पाणी आणायला लावलं आणि मला म्हणाला, "वर जा. आढ्यापासून वत." तो स्वतः आत जाऊन चुलीशी उभा राहिला आणि मान वर करून तोंड उघडं ठेवलं. मी पाणी ओतलं. आतून आवाज आला, "काढ."

"काय काढू?"

"सगळं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा रचलं, पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा "काढ." त्यानंतरच्या वेळी घागर रिकामी झाली तरी आतून काही ऐकू येईना. मी धावत खाली आलो. म्हातारा अजून आ वासून उभा होता. मग त्याने तोंड मिटलं आणि म्हणाला, "आता तिकडली ओळ."

बस, एवढंच. पण मी बराच वेळ आत उभा राहून छताकडे पाहत होतो. कचेरीत मी ढिगाने सह्या केल्या. त्यातली एखादी राहिली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही. इथे एक कवेलू बोटभर सरकलं तर बायकोच्या वरणात थेंब पडणार होता. आणि तो पडत नव्हता. माझ्यामुळे पडत नव्हता. खिडकीबाहेर कोणी उभं नव्हतं आणि त्याने काही अडलंही नाही.

त्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांची छपरं केली, पुढच्या उन्हाळ्यात गावातली निम्मी. बाने बोलणं सुरू केलं, पण कवेलू हा शब्द तोंडातून काढला नाही. कोणी विचारलं तर सांगायचा, "छपराच्या तपासणीवर हाय." एकदा माझे सासरे आले. मी समोरच्याच घरावर होतो, धोतर खोचलेलं, अंग मातीने लाल.

"जवाईबापू कुठं हायेत?" त्यांनी विचारलं.

"तपासणीले गेले," बा म्हणाला.

"लांब?"

"लांबच म्हना."

आतून बायको म्हणाली, "लांब कायले? बाहेर येऊन वर पाहा, बाबा."

सासरे बाहेर आले आणि वर पाहिलं. आता मुलीला घेऊन जातात की काय असं मला वाटलं. आढ्यावर बसल्या-बसल्या मी हात जोडले, "राम राम मामाजी." त्यांनी आढ्यापासून वळचणीपर्यंत सगळं छप्पर पाहून घेतलं. मग म्हणाले, "आमच्याकडं बैलाचा कोठा लय गळते. कवा येता?" त्या वर्षी सासरवाडीला गेलो तेव्हा जावई म्हणून मला पाट मिळाला, कोंबडं मिळालं आणि ताटावरून उठल्यावर शिडी.

काम चांगलं होऊ लागल्यावर माणूस नम्र होतो असं ऐकलं होतं. माझ्या बाबतीत तसं काही घडलं नाही. दुसऱ्यांनी केलेली छपरं मला खुपायला लागली. लग्नाला गेलो तरी मांडवात बसून यजमानाची वळचण पाहायचो आणि अक्षता टाकता-टाकता शेजारच्याला सांगायचो, "ती तिसरी ओळ गळणार." बायको चिमटा काढायची. एका घरी खरंच गळलं, तर त्यांनी वर्षभर आमच्याशी संबंध तोडला, जणू पाणी मीच सोडलं होतं.

याच काळात आमच्याकडे श्रमदान आलं. म्हणजे श्रम गावात आधीपासून होते, पण ते दान आहेत हे कोणाला माहीत नव्हतं. विकासवाले साहेब जीपमधून यायचे, नव्या कोऱ्या फावड्यांना फिती बांधलेल्या असायच्या, फोटो निघायचा आणि फावडी परत जीपमध्ये जायची. शाळेमागे त्यांनी मोठ्या उत्साहात एक खड्डा खणला. तो कशासाठी हे सांगायचं राहून गेलं. त्यात एक म्हैस पडली तेव्हा गावाने तो बुजवला. त्याचा फोटो निघाला नाही.

मग ठरलं की शाळेचं छप्पर श्रमदानातून फेरायचं. आमचे मोठे गुरुजी, म्हणजे शाळेचे हेडमास्तर, माझ्याकडे आले. "श्रम तुमचे," ते म्हणाले, "आणि दान सर्वांचं." मी कबूल झालो. शाळेचं छप्पर म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं छप्पर, ते दुसऱ्याने केलं असतं तर मला झोप आली नसती. उद्घाटनाला नागपूरचे एक पुढारी येणार होते. म्हणून गुरुजींनी एक अट घातली. दारावरच्या वळचणीत एका कवेलूची जागा रिकामी सोडायची, ते पाहुण्यांच्या हस्ते बसवलं जाईल. आणि त्या कवेलूवर पाहुण्यांचं नाव असेल.

नाव घालायला गोंदियाहून रंगारी आला. कवेलूची पाठ खडबडीत होती म्हणून त्याने लाल ऑइलपेंटने नाव आतल्या गुळगुळीत पोटात लिहिलं. सुंदर लिहिलं होतं. मी पाहिलं आणि गुरुजींना म्हणालो, "ही जागा पालथ्या कवेलूची आहे. पालथं घातलं की नाव आत जाईल."

"मग उताणं घाला."

"उताणं घातलं तर पाणी आत येईल."

"मग काय, पाहुण्यांचं नाव पाठीवर लिहायचं?" गुरुजी म्हणाले. त्यांना ते फार अभद्र वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे वेळेआधी आले. असं कधी घडत नाही, त्यामुळे कोणाचीच तयारी नव्हती. मी आढ्यावर शेवटची कवेलूं बसवत होतो. खाली भाषण सुरू झालं. विषय होता श्रमाची प्रतिष्ठा. वरून मला पाहुण्यांचा पांढरा फेटा दिसत होता आणि आवाज स्वच्छ ऐकू येत होता. श्रम करणाऱ्याची मान देशात सगळ्यात उंच असली पाहिजे, असं ते म्हणत होते. माझी त्या वेळी होतीही. तेवढ्यात गुरुजी वाकत-वाकत छपराखाली आले.

"खाली उतरा!"

"थोडंच राहिलं आहे."

"अहो, ते श्रमावर बोलताहेत आणि तुम्ही वर खडखड करता! लोकांना ऐकू येत नाही."

मी खाली उतरलो. सतरंजीवर जागा नव्हती आणि माझ्या अंगाला माती होती, म्हणून मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. भाषण चांगलं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, तर धूळ उडाली आणि पुढचा माणूस खोकला.

मग शिडी आणली. तिला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या, त्यामुळे पाय कुठे ठेवायचा ते दिसत नव्हतं. मी आधी वर जाऊन वळचणीशी बसलो. पाहुणे अंगाने भरलेले, स्वभावाने सरळ. ते बेताने वर चढले, कवेलू हातात घेतलं आणि मला विचारलं, "कसं ठेवू?"

"पालथं, जी."

त्यांनी बरोबर पालथं धरलं. खालून गुरुजी ओरडले, "नाही साहेब, उताणं! नाव दिसलं पाहिजे!"

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, फोटोवाल्याकडे पाहिलं. आणि कवेलू उताणं ठेवलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाला, पाहुणे जेवून गेले. उद्घाटनातल्या पेढ्यांपैकी एक मला मिळाला. तो मी शेजारच्या पोराला दिला आणि घरी येऊन जेवलो नाही. बायकोने विचारलं काय झालं. सांगितलं तर म्हणाली, "एक कवेलू त हाय."

"एकच आहे म्हणूनच," मी म्हणालो.

पावसाळ्यात शाळा भरली. एवढ्या मोठ्या छपरात कुठेही थेंब नव्हता. फक्त दारावर, आत शिरणाऱ्याच्या बरोबर मानेवर, एक धार पडायची. पोरांना मजा वाटायची, ती मुद्दाम दोन-दोनदा आत-बाहेर करायची. गुरुजींची टोपी ओली व्हायची. त्यांनी आधी दारात बादली ठेवली. तिला अडखळून एक शिक्षक पडले. मग एक मुलगा छत्री घेऊन दारात उभा राहू लागला. मग पावसाच्या दिवशी सगळ्यांनी मागच्या खिडकीतून यावं असा नियम झाला. कवेलू फिरवावं असं कोणी म्हणालं नाही. शाळेत आलेला प्रत्येक जण मात्र ओली मान पुसत एकच प्रश्न विचारायचा, "छप्पर कोणी केलं?" आणि गावकरी माझं नाव सांगायचे.

एका बाजाराच्या दिवशी तो गोंड म्हातारा काठी टेकत शाळेवरून चालला होता. मी बरोबर होतो. तो थांबला, डोळ्यांवर हात धरून वळचणीकडे पाहिलं.

"हे उताणं कोनं ठेवलं?"

मी सगळं सांगितलं. नाव आहे, पाहुणे मोठे आहेत, पालथं घातलं तर नाव दिसणार नाही. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "पान्याले वाचता येते का?"

आणि चालू लागला.

मी घरी जाऊन शिडी आणली. शाळा भरलेली होती, भर दुपार होती. रात्री गुपचूप येऊन फिरवता आलं असतं, पण हे काम चोरून करण्यासारखं नव्हतं. शिडी दाराला लावली, वर गेलो, कवेलू उचलून पालथं केलं आणि दोन्ही बाजूंची नीट बसवली. पोरं वर्गातून बाहेर आली. त्यांच्यामागे गुरुजी.

"कोणाला विचारून चढलात?"

"कोणाला नाही."

"छप्पर सरकारचं आहे!"

"इमारत सरकारची आहे," मी शिडीवरून म्हणालो. "छप्पर माझं आहे."

बोलल्यावर मलाच दचकायला झालं. कचेरीत इतकी वर्षं काढली, पण तिथल्या एकाही कागदाबद्दल हा माझा असं मी म्हणालो नव्हतो. म्हणावंसं वाटलंही नव्हतं. गुरुजींनी सरपंचांना बोलावलं. सरपंच आले, त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "आता गळते का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग काऊन बलावलं?"

"प्रश्न गळण्याचा नाही," गुरुजी म्हणाले. "प्रश्न मानाचा आहे."

"माझ्याही मानाचा," मी म्हणालो.

सरपंच मधे सापडले. त्यांनी पंचायतीची बैठक बोलावली. बैठकीला बा माझ्याआधी जाऊन बसला होता. एक जण म्हणाला, कवेलू फिरवणं हा पाहुण्यांचा अपमान आहे. दुसरा म्हणाला, न फिरवणं हा शाळेचा अपमान आहे. तिसऱ्याने विचारलं की अर्धं फिरवता येईल का. बा उठला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्याच्या तोंडून आला. "माया पोरगा कवेलू फेरते," तो म्हणाला. "त्यानं फेरलेलं गळत नाई. बाकी मले काही समजत नाई." आणि खाली बसला. त्याच्या आवाजात अभिमान होता की नाही ते मला सांगता येणार नाही. पण तो खाकरला नाही आणि इकडे-तिकडे पाहिलं नाही.

शेवटी ठराव झाला की पाहुण्यांचं कवेलू योग्य वेळी पूर्ववत उताणं करण्यात यावं, आणि मला शाळेचं काम यापुढे देऊ नये. ठरावावर सगळ्यांनी सह्या केल्या. पण वर कोण चढणार हे त्यात लिहिलं नव्हतं. गावात चढणारा मीच होतो आणि मला तर काम द्यायचं नव्हतं. ती योग्य वेळ अजून आलेली नाही. दारात उभं राहून मान वर केली की फटीतून त्या नावातली मधली दोन लाल अक्षरं दिसतात. नवीन पोरं विचारतात ते काय आहे. त्यांना वेगवेगळी उत्तरं मिळतात.

पुढच्या उन्हाळ्यात एके सकाळी गुरुजी आमच्याकडे आले. पडवीत बसले, पाणी घेतलं, हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "आमच्या घराचं जरा पाहायला लागेल. मागच्या पावसात फार त्रास झाला."

"पण ठराव आहे," मी म्हणालो.

"तो शाळेपुरता. घराचं वेगळं." पाण्याचा पेला खाली ठेवत ते म्हणाले, "आणि आमच्याकडे नावबिव काही नाही. जसं घालायचं तसं घाला."

त्यांचं छप्पर मी केलं. चांगलं केलं. वाईट करून सूड उगवावा असं मनात येऊन गेलं, पण ते छप्परही लोकांनी माझंच म्हणून ओळखलं असतं.

मग गोंदियातूनही बोलावणी येऊ लागली. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी मी गोंदियाजवळ कुडव्याला एका म्हातारीच्या घरावर होतो. आमचा मुलूख आधी मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला, आता महाराष्ट्रात आला. एवढा प्रवास होऊनही गावं जागची हलली नव्हती. खालून मिरवणूक आली, बँड होता, गुलाल होता. काही जण खूश होते, काही वेगळ्या विदर्भासाठी रुसलेले, पण बँडच्या मागे सगळेच चालले होते. त्यातला एक ओळखीचा थांबून ओरडला, "अरे भाई, उतर नीचे! अपना राज बन गया!"

"एवढी ओळ होऊ दे," मी म्हणालो.

"राज्य मोठं की ओळ?"

मी काही म्हणायच्या आत म्हातारी दारात आली आणि त्याला म्हणाली, "जाय ना बापा तू पुढं. त्याले काम करू दे. राज्य काय, उद्या पन राहील. मायं घर उघडं हाय."

तो हसत पुढे गेला. थोड्या वेळाने म्हातारीने कवेलूंची टोपली दोराने वर पाठवली. तिच्यात कवेलूंवर एक पेढा होता, मिरवणुकीतला. मी तो मातीच्या हातानेच खाल्ला, धोतराला हात पुसले आणि पुढचं कवेलू घेतलं. टिचकी मारून ऐकलं, ठणठणीत वाजलं. मी ते पालथं घातलं.